लेकीच्या बाळंतपणासाठी ब्रिटनला जाताना

मुलगी किंवा सून ब्रिटनमध्ये असते. तिला दिवस गेल्याची बातमी येते आणि येथे व्हिसाची, तिकिटांची, डिंकाच्या लाडवांची तयारी सुरू होते. निघण्यापूर्वी रक्तदाबाच्या आणि मधुमेहाच्या गोळ्या लिहून घेण्यासाठी अशी आजी-आजोबा मंडळी माझ्या दवाखान्यात येतात, तेव्हा बोलणे गोळ्यांवरून लवकरच दुसऱ्या काळजीकडे वळते. सातवा महिना लागला तरी एकाही डॉक्टरने तिला तपासलेले नाही. सोनोग्राफी दोनदाच झाली. बाळंतपणही म्हणे मिडवाइफच करणार. “म्हणजे सुईणच ना, डॉक्टर? इतके शिकून तिकडे गेली ती सुईणीच्या हातून बाळंत व्हायला?” प्रश्न रागाने विचारलेला असतो, पण त्या रागाखाली भीती असते. ही भीती बऱ्याच अंशी दूर होऊ शकते. त्यासाठी मिडवाइफ काय पाहते, काय मुद्दाम करत नाही आणि तिला आपण केव्हा हाक मारायची, हे ठाऊक असले पाहिजे.

मिडवाइफ म्हणजे कोण

आपल्या पिढीच्या मनातली सुईण ही अनुभवाने शिकलेली, हाताला गुण असलेली, पण शास्त्रीय शिक्षण नसलेली बाई. बाळंतपण सरळ असेल तर ती ते उत्तम पार पाडी. अडचण येई ती रक्तस्राव थांबेनासा झाला, बाळ आडवे असले किंवा बाळंतिणीला झटके आले म्हणजे. अशा वेळी तिच्याजवळ ना औषध असे, ना पुढे पाठवण्याची सोय. ज्यांच्या घरात अशा प्रसंगी एखादी आत्या किंवा मावशी गेली, त्यांना ‘सुईण’ हा शब्द ऐकूनच धडकी भरावी, यात नवल नाही.

ब्रिटनमधील मिडवाइफ याहून वेगळी. तेथे १९०२ साली कायदा करून या व्यवसायाची नोंदणी सुरू झाली. आज मिडवाइफ होण्यासाठी विद्यापीठाची पदवी लागते, साधारण तीन वर्षांची, आणि तिचे नाव नियामक संस्थेच्या नोंदवहीत असावे लागते. सरळ गर्भारपण आणि सरळ बाळंतपण स्वतःच्या जबाबदारीवर पार पाडणे, टाके घालणे, ठरावीक औषधे देणे, रक्तस्राव झाल्यास पहिले उपचार तत्काळ सुरू करणे, बाळ रडले नाही तर त्याला श्वास देणे, हे सर्व तिच्या शिक्षणाचा भाग आहे. मात्र त्या शिक्षणाचा सर्वांत महत्त्वाचा भाग मला वाटतो तो असा, की आपली हद्द कोठे संपते हे ती शिकलेली असते. रक्तदाब वाढला, मधुमेह निघाला, जुळे असले, आधीचे सिझेरियन असले, की प्रसूतितज्ज्ञ त्यात येतातच. मिडवाइफ तेव्हाही असते, पण निर्णय मग दोघांचे मिळून होतात.

आपल्याकडेही याची सुरुवात झाली आहे. केंद्र सरकारने २०१८ मध्ये मिडवाइफरी सेवांची मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली आणि अनुभवी परिचारिकांना अठरा महिन्यांचे विशेष प्रशिक्षण देऊन सरळ बाळंतपणे त्यांच्याकडे सोपवण्याची योजना आखली. परंतु बहुसंख्य कुटुंबांना अशी मिडवाइफ अजून भेटलेली नाही. आपला अनुभव आहे तो डॉक्टर आणि रुग्णालय यांचा, आणि शहरी मध्यमवर्गाचा तर खासगी रुग्णालयाचा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) देशातील खासगी रुग्णालयांतील ४७.४ टक्के बाळंतपणे सिझेरियनने झाल्याचे आढळले. जवळजवळ निम्मी! सिझेरियन हेच ‘सुरक्षित’ आणि कळा देत वाट पाहणे म्हणजे ‘हयगय’, असे समीकरण आपल्या मनात घट्ट का बसले, ते या आकड्यावरून कळावे.

गर्भारपणाचे महिने

पहिली भेट दहाव्या आठवड्याच्या आत होते आणि ती लांबलचक असते. घरातील आजार, पूर्वीची बाळंतपणे, आहार, मनःस्थिती, कामाचे स्वरूप, सारे विचारले जाते. रक्ताच्या तपासण्यांत हिमोग्लोबिन, रक्तगट, एचआयव्ही, काविळीचा बी विषाणू यांच्याबरोबर थॅलॅसेमियाचीही चाचणी असते. पुढे सारे सुरळीत असल्यास पहिलटकरणीच्या साधारण दहा भेटी होतात, दुसऱ्या खेपेस सात. प्रत्येक भेटीत रक्तदाब आणि लघवीची तपासणी ठरलेली. सोनोग्राफी मात्र दोन: ११ ते १४ आठवड्यांच्या दरम्यान एक आणि १८ ते २१ आठवड्यांच्या दरम्यान दुसरी. त्यानंतर २४ आठवड्यांपासून मिडवाइफ टेपने पोटाची उंची मोजते आणि आलेखावर मांडते. टेपने मोजणे पाहून आपल्याकडील पाहुणे हसतात. पण त्या आलेखाची रेघ खाली झुकली, की लगेच पुढची सोनोग्राफी होते. विनाकारण दर महिन्याला सोनोग्राफी केल्याने बाळ अधिक सुखरूप राहते, असे दिसून आलेले नाही.

भारतीय वंशाच्या स्त्रियांना गर्भारपणातील मधुमेहाचा धोका अधिक असल्याने २४ ते २८ आठवड्यांत साखर पिऊन करायची चाचणी सांगितली जाते. ती टाळू देऊ नका. घरात कोणालाच साखर नाही, हे कारण पुरेसे नव्हे; आणि घरात आपल्या दोघांना ती असेल, तर मुलीने ते पहिल्याच भेटीत सांगितलेले बरे.

या भेटींत एक गोष्ट आपल्याला खटकण्याजोगी घडेल. मिडवाइफ केव्हातरी मुलीशी एकटीशी बोलू इच्छील आणि नवऱ्याला, सासूला, अगदी आईलाही बाहेर थांबायला सांगेल. घरात मारहाण, धाकदपटशा आहे का, मन खचलेले आहे का, हे प्रश्न ती सर्वच स्त्रियांना विचारते. त्यात आपल्या घराचा अपमान नाही. इंग्रजीची अडचण असेल, तर दुभाषी मागता येतो, आणि नातेवाइकांनी भाषांतर करण्यापेक्षा तोच बरा. आईसमोर मुलगी जे बोलत नाही, ते परक्या दुभाष्यासमोर बोलते, हे आम्ही डॉक्टर रोज पाहतो.

‘नऊ महिने नऊ दिवस’ ही आपली मोजदाद. तेथील तारीख शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून २८० दिवसांची असते आणि पहिलटकरीण ती तारीख ओलांडून पुढे जाणे अगदी नेहमीचे आहे. ४१ आठवडे पूर्ण होत आले, की कळा आणण्याची चर्चा मिडवाइफ स्वतःच करते. तोवर तारीख उलटली म्हणून रोज सकाळी फोनवर “अजून काहीच नाही?” असे विचारणाऱ्या नातलगांना आवरणे, हे आजोबांचे काम. मुहूर्त पाहून सिझेरियन करून घेण्याची अपेक्षा तर तेथे मांडूही नये.

कळा सुरू झाल्यावर

आजीचा जीव सर्वांत टांगणीला लागतो तो येथे. कळा सुरू होतात, मुलगी रुग्णालयाला फोन करते आणि तिकडून उत्तर येते, “घरीच थांबा, गरम पाण्याने अंघोळ करा, थोडे खाऊन घ्या, कळा वाढल्या की पुन्हा फोन करा.” आपल्या दृष्टीने हा निष्काळजीपणाचा कळस! पण यामागे कारण आहे. गर्भाशयाचे तोंड साधारण चार सेंटिमीटर उघडेपर्यंतचा काळ हा बाळंतपणाची पूर्वतयारी असतो. पहिल्या खेपेस तो कित्येक तास, कधी दिवसभर चालतो. या काळात रुग्णालयात जाऊन पडले, की हालचाल थांबते, भीती वाढते, भीतीने कळा मंदावतात आणि मग त्या वाढवण्यासाठी एकापाठोपाठ एक उपाय करावे लागतात. घरी, ओळखीच्या भिंतींत, आईच्या हाताखाली हा काळ चांगला जातो. येथे आजीची खरी गरज असते: कंबर चोळून द्यायला, मऊ भात भरवायला, आणि मुख्य म्हणजे स्वतः न घाबरता शेजारी बसायला.

मात्र पाणमोट फुटली, अंगावर रक्त गेले, बाळाची हालचाल कमी वाटली किंवा ३७ आठवड्यांपूर्वीच कळा आल्या, तर ‘घरीच थांबा’ हा नियम लागू नाही. तेव्हा लगेच फोन करायचा आणि नेमके काय झाले ते सांगायचे. पाणी हिरवट किंवा तपकिरी असेल, तर तेही.

कळांनी वेग धरल्यावर मिडवाइफ एकाच स्त्रीकडे लक्ष देते, अशी तेथील अपेक्षित पद्धत आहे. ती फारसे काही ‘करताना’ दिसत नाही. कोपऱ्यात बसून लिहीत असते. पण तिचे हात आणि कान सतत कामात असतात. दर पंधरा मिनिटांनी, कळ ओसरल्यावर पूर्ण एक मिनिट ती बाळाच्या हृदयाचे ठोके ऐकते. मूल बाहेर येण्याच्या टप्प्यात दर पाच मिनिटांनी. आईची नाडी तासातासाला, रक्तदाब आणि ताप चार तासांनी, आतून तपासणीही साधारण चार तासांनी. ठोके बिघडले, ताप आला, प्रगती थांबली, तर त्याच नोंदींवरून ती डॉक्टरांना बोलावते. तिचे थांबणे हे असे मोजूनमापून असते, आणि सुईणीच्या थांबण्यात व तिच्या थांबण्यात फरक आहे तो येथेच.

बाळंतीण पाठीवर निजून राहील असे समजू नका. ती फेऱ्या मारील, मोठ्या चेंडूवर बसेल, गुडघ्यांवर ओणवी होईल, कोमट पाण्याच्या टाकीतही उतरेल. पाण्याने वेदना खरोखरच सुसह्य होतात. श्वासातून घ्यायचा वायू असतो, ज्याला तिकडे ‘गॅस अँड एअर’ म्हणतात. आणि पाठीच्या मणक्यातून दिले जाणारे एपिड्यूरलही मागता येते. एपिड्यूरल भूलतज्ज्ञ देतात, म्हणून त्यासाठी डॉक्टरांच्या विभागात जावे लागते. तिने ते मागितले तर “आम्ही नाही का सोसले” हे वाक्य कृपा करून गिळून टाका. खोलीत सोबतीला साधारण एक किंवा दोन माणसांनाच परवानगी असते आणि पहिला मान नवऱ्याचा. आजीला बाहेर थांबावे लागले, तर ते मनाला लावून घेण्याचे कारण नाही.

बाळ जन्मल्यावर नाळ लगेच कापत नाहीत. किमान एक मिनिट थांबतात, त्यामुळे वारेतील रक्त बाळाला मिळते. बाळाला न्हाऊ न घालता, पुसून, आईच्या उघड्या छातीवर ठेवतात आणि पहिल्या तासातच पाजवतात. तो पहिला पिवळसर चीक पिळून टाकण्याची चाल आपल्याकडे होती; ती आता येथेही गेली, हे बरे झाले. वार पडण्यासाठी आईच्या मांडीत इंजेक्शन देण्याची शिफारस असते, कारण त्याने रक्तस्राव कमी होतो. बाळाला ‘के’ जीवनसत्त्वाची सुई देऊ करतात, तीही घ्यावी.

आता प्रश्न राहतो तो हा, की हे सारे डॉक्टरांच्या हाताखालील बाळंतपणाइतके सुरक्षित आहे का. गर्भारपणापासून प्रसूतीनंतरपर्यंत मिडवाइफकडेच राहिलेल्या स्त्रियांविषयीच्या १७ अभ्यासांचा एकत्रित आढावा २०२४ मध्ये अद्ययावत झाला. त्यात सुमारे साडेअठरा हजार स्त्रिया होत्या. अशा स्त्रियांची प्रसूती नैसर्गिक होण्याचे प्रमाण अधिक आणि चिमटा किंवा व्हॅक्यूम लावण्याचे प्रमाण कमी आढळले. त्यांचा अनुभवही अधिक समाधानाचा होता. इंग्लंडमध्ये २०११ साली प्रसिद्ध झालेल्या, चौसष्ट हजारांहून अधिक कमी-जोखमीच्या बाळंतपणांच्या अभ्यासाने दाखवले, की मिडवाइफ चालवतात त्या प्रसूतिकेंद्रांत बाळांना अधिक धोका नव्हता. पहिलटकरणीने घरीच बाळंत होण्याचे ठरवले, तर मात्र बाळाचा धोका थोडा वाढलेला दिसला. म्हणून मुलगी पहिल्या वेळी ‘घरीच’ म्हणू लागली आणि आपल्याला विचारले, तर रुग्णालयाच्या आवारातील मिडवाइफ-केंद्राकडे माझा कौल राहील. याच अभ्यासात अशा केंद्रांतील पहिलटकरणींपैकी शंभरात छत्तीस ते चाळीस जणींना प्रसूतीदरम्यान किंवा लगेच नंतर डॉक्टरांच्या विभागात हलवावे लागले. बहुतेक वेळा कारण घाईचे नव्हते: प्रगती संथ होती किंवा एपिड्यूरल हवे होते. तेव्हा “हलवत आहोत” हे शब्द कानांवर पडले, की देव पाण्यात घालू नका. ती व्यवस्थेची रोजची वाट आहे.

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. या व्यवस्थेत गंभीर चुका झालेल्या आहेत. श्रूसबरी आणि टेलफर्ड येथील रुग्णालयांतील बाळंतपणांची वीस वर्षांची चौकशी करून डोना ऑकेंडन यांनी मार्च २०२२ मध्ये अहवाल दिला. बाळाच्या ठोक्यांकडे नीट लक्ष दिले गेले नाही, डॉक्टरांना बोलावण्यास उशीर झाला, गरज असताना सिझेरियन टाळले गेले आणि आया सांगत होत्या ते कोणी ऐकले नाही, असे त्यात निघाले. माता-मृत्यूंवरील तेथील राष्ट्रीय अहवालही वर्षानुवर्षे सांगत आले आहेत, की आशियाई वंशाच्या स्त्रियांचा धोका गोऱ्या स्त्रियांपेक्षा अधिक आहे. एकूण संख्या अल्प असली तरी हा फरक खरा आहे. म्हणून आपल्या मुलीने, आणि तिला बोलवत नसेल तेव्हा तिच्या माणसांनी, स्पष्ट बोलायला शिकले पाहिजे. ‘गोऱ्या बाईला कसे सांगायचे’ हा संकोच तेथे महागात पडू शकतो. “मला काळजी वाटते, डॉक्टरांनी एकदा पाहावे” एवढे साधे वाक्य पुरते. ते उद्धटपणाचे मानले जात नाही.

ज्याला आपण पित्त म्हणतो

माझ्या मते आजीच्या प्रवासाचा सर्वांत मोठा उपयोग आणि सर्वांत मोठा धोकाही येथेच आहे. मिडवाइफ दोन आठवड्यांतून एकदा भेटते. आपण चोवीस तास घरात असतो. मुलगी तक्रार पहिल्यांदा आपल्याकडे करते आणि आपल्यापाशी प्रत्येक तक्रारीला एक जुने, मायेचे उत्तर तयार असते.

डोके फार दुखते, डोळ्यांपुढे काजवे चमकतात, बरगड्यांखाली कळ येते, मळमळते. आपण म्हणतो, पित्त झाले असेल, आमसुलाचे सार घे. पण विसाव्या आठवड्यानंतर आणि बाळंतपणानंतरचे काही आठवडेही ही रक्तदाब चढल्याची लक्षणे असू शकतात, ज्याचा शेवट झटक्यांत होऊ शकतो. चेहरा आणि हात एकाएकी सुजले, तर तेही याच यादीत.

तळहात-तळपाय खाजतात, रात्री अधिक, आणि अंगावर पुरळ तर दिसत नाही. आपण म्हणतो, उष्णता आहे, खोबरेल लाव. ही खाज यकृताच्या एका विकाराची असू शकते. त्यात पित्ताम्ल रक्तात साठते. ते फार वाढले तर बाळ दगावू शकते. भारतीय आणि पाकिस्तानी वंशाच्या स्त्रियांत हा विकार अधिक आढळतो. निदान साध्या रक्ततपासणीने होते.

बाळ आज फारसे हलले नाही. आपण म्हणतो, खाली उतरले असेल, दिवस भरले की हालचाल मंदावतेच. हे खरे नाही. हालचालीचा प्रकार थोडा बदलतो, पण ती अगदी शेवटपर्यंत टिकून राहायला हवी. नेहमीपेक्षा कमी वाटली, तर गोड खाऊन, थंड पाणी पिऊन वाट पाहत बसू नये. सकाळची तर मुळीच नाही. त्याच घटकेला फोन करावा, मग रात्रीचे दोन का वाजले असेनात. तपासून सारे ठीक निघाले, तर कोणी ओरडत नाही. पुन्हा दुसऱ्यांदा कमी वाटली, तर पुन्हा फोन करावा.

बाळंतपणानंतर ताप, थंडी, ओटीपोटात दुखणे, दुर्गंधी असलेला स्राव, हे ‘दूध उतरण्याचा ताप’ म्हणून सोडून देऊ नये. एकच पोटरी दुखते, सुजते, किंवा अचानक धाप लागते, ती रक्ताची गुठळी असू शकते. तासाभरात एकाहून अधिक पॅड भिजू लागले, मोठ्या गाठी पडल्या, तर रुग्णवाहिकेसाठी ९९९. घाई नसलेल्या सल्ल्यासाठी १११ हा क्रमांक असतो, परंतु गर्भारपणाच्या तक्रारींसाठी रुग्णालयाच्या प्रसूतिविभागाचा चोवीस तास चालणारा क्रमांक तिच्याजवळ असतोच. तो आजोबांनी मोठ्या अक्षरांत लिहून फ्रिजवर चिकटवावा, आणि आपल्याही फोनमध्ये घालून घ्यावा.

आणखी एक लक्षण कोणत्याही यंत्रात दिसत नाही. तिसऱ्या-चौथ्या दिवशी बाळंतीण उगाच रडते, ते बहुधा आठवडाभरात ओसरते. पण दोन आठवडे उलटले तरी ती उदास आहे, बाळाकडे पाहवत नाही, बाळ झोपले तरी तिला झोप नाही, तर “इतके सोन्यासारखे बाळ झाले, रडतेस कशाला” म्हणून भागणार नाही. मिडवाइफला सांगावे. आणि ती भ्रमिष्टासारखे बोलू लागली, स्वतःला किंवा बाळाला इजा करण्याचे बोलली, तर तिला क्षणभरही एकटे न सोडता त्याच दिवशी, त्याच तासाला मदत घ्यावी.

घरी आल्यावर

सरळ प्रसूती झाली, तर सहा तासांतही घरी पाठवतात. आपल्याला ते अघोरी वाटते. पण पुढील दिवसांत मिडवाइफ पाहणी चालू ठेवते, पहिली भेट बहुधा दुसऱ्याच दिवशी घरी. पाचव्या दिवसाच्या सुमारास बाळाच्या टाचेतून रक्ताचे थेंब घेतात, वजन करतात. पहिल्या दिवसांत वजन थोडे घटते, ते स्वाभाविक असते. दहा टक्क्यांहून अधिक घटले तर विचार होतो. दहा-चौदा दिवसांच्या आसपास काम ‘हेल्थ व्हिजिटर’कडे जाते आणि सहा ते आठ आठवड्यांनी तेथील फॅमिली डॉक्टर आई व बाळ दोघांनाही तपासतात.

बाळाची कावीळ गव्हाळ कातडीवर चटकन दिसत नाही. डोळ्यांचे पांढरे, हिरड्या, तळहात पाहावेत. पहिल्या चोवीस तासांतली कावीळ केव्हाही तातडीची. नंतरची बहुधा साधी असते, तरी मिडवाइफला दाखवावी. कोवळ्या उन्हात धरणे हा तिच्यावरचा उपचार नव्हे, आणि नोव्हेंबरात तिकडे ऊन मिळणारही नाही. पाचव्या दिवसानंतर दिवसाला सहा किंवा अधिक ओले लंगोट होत असतील, तर दूध पुरते आहे असे समजावे.

आपल्या सामानातील काही गोष्टी येथेच ठेवून जाव्यात. बाळगुटी, मध, काजळ, मोहरीची उशी, शेगडीसाठीचे कोळसे आणि धुरीचे साहित्य. मधाने वर्षाच्या आतील बाळाला एक दुर्मीळ पण घातक विषबाधा होऊ शकते. काजळात शिसे असू शकते. बंद खोलीत कोळसे पेटवले, तर विषारी वायू साठतो. आणि धुरी केली, तर तेथील धूर-घंटा वाजून सारी इमारत जिन्यावर उभी राहील, ते वेगळेच. बाळ पाठीवर, त्याच्या स्वतःच्या पाळण्यात, उशीशिवाय निजवायचे, खोलीचे तापमान १६ ते २० अंश, आणि घरात डोक्यावर टोपडे नाही. हा शेवटचा नियम आजींना फार जड जातो. पण बाळ जादा उष्णता डोक्यावाटे बाहेर टाकते, आणि अति गुंडाळलेल्या बाळांत झोपेतील आकस्मिक मृत्यूचा धोका वाढतो, हे अभ्यासांतून स्पष्ट झाले आहे.

डिंकाचे, अळिवाचे लाडू जरूर न्यावेत, गर्भारपणात मधुमेह निघाला असेल तर बेताने द्यावेत. बाळंतकाढा आणि आसवे-अरिष्टे मात्र मिडवाइफला दाखवल्याशिवाय सुरू करू नयेत. अरिष्टांत मद्यार्क असतो आणि काही तयार औषधांत जड धातू आढळले आहेत. मालीश हलक्या हाताने, खोबरेलाने. नाका-कानांत तेल नको. आणि सव्वा महिना अंथरुणाला खिळवून ठेवू नका. दुसऱ्याच दिवसापासून घरात चालल्याने पायातील गुठळ्यांचा धोका कमी होतो. स्वयंपाकघर, कपडे, रात्री दुधानंतरचे बाळ खांद्यावर घेणे, हे सारे आपण घेतले की विश्रांती आपोआप होते.

लसींविषयी एक गोंधळ नेहमी होतो. जन्मतःच आपल्याकडे देतात त्या बीसीजी, पोलिओचे थेंब आणि कावीळ-ब यांपैकी काहीच न दिल्याचे पाहून आजोबा अस्वस्थ होतात. तेथे पोलिओ आणि कावीळ-ब यांच्या लसी आठव्या आठवड्यापासूनच्या एकत्र सुईत असतात. बीसीजी सर्वांना देत नाहीत. पण ज्या बाळाचे आई-वडील किंवा आजी-आजोबा क्षयरोगाचे प्रमाण अधिक असलेल्या देशात जन्मले आहेत, त्याला ती दिली जाते. म्हणजे आपल्या नातवंडाला ती आपल्यामुळे मिळते. साधारण चौथ्या आठवड्यापर्यंत बोलावणे आले नाही, तर हेल्थ व्हिजिटरला विचारावे.

राहिले आपण. डांग्या खोकल्याची लस मुलीला गर्भारपणातच देतात. आपणही निघण्यापूर्वी किमान दोन आठवडे ‘टीडॅप’ची एक मात्रा आणि फ्लूची लस आपल्या डॉक्टरांच्या सल्ल्याने घ्यावी. तीन आठवड्यांहून अधिक काळ खोकला असेल, तर थुंकीची तपासणी करून मगच विमानात बसावे. औषधे पूर्ण मुक्कामाची, मूळ पाकिटांत आणि औषधाच्या मूळ नावाने लिहिलेल्या चिठ्ठीसह, हातातील पिशवीत न्यावीत. पाहुण्याला तेथे रुग्णालयात दाखल व्हावे लागले, तर खर्च स्वतःला करावा लागतो आणि तो मोठा असतो; प्रवासविमा घेताना जुने आजार लपवू नयेत. पोहोचण्याची तारीख शक्यतो बाळंतपणाच्या तारखेआधी तीन आठवडे ठेवावी. विमानप्रवासाचा शीण, उलटलेली झोप आणि गारठा अंगवळणी पडायला तेवढे दिवस लागतात, आणि पहिलटकरीण कधीकधी तारखेआधीही बाळंत होते.